विश्वाचं वय नॅनोसेकंदात काढायचं तर आधी ‘वर्ष’ कुठलं ते ठरवा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी अकरावी सायन्सला आहे, आणि ‘विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, तर नॅनोसेकंदात किती’ या एकाच गणिताची घरात तीन उत्तरं आलीत. गाईडमध्ये ४.३६ × १०^२६, मोबाईलच्या कन्व्हर्टरवर ४३५१९६८ आणि पुढे शून्यांची रांग, आणि मुलीच्या वहीत ४.३५ × १०^८. वर आजोबांनी विचारलंय की मग ब्रह्मदेवाच्या एका दिवसात त्रुटी (म्हणजे चूक नव्हे, जुन्या ग्रंथांतलं वेळेचं सगळ्यात बारीक एकक) किती, तर त्यावर व्हॉट्सॲपवर प्रत्येकाचा आकडा वेगळा. (^ हे चिन्ह म्हणजे घात, टाईप करताना दुसरा इलाज नाही.) मी इथे नाशिकच्या अंबडला इलेक्ट्रिकल टेस्टिंग आणि कॅलिब्रेशनमध्येच आयुष्य काढलंय, आमच्या रिपोर्टमध्ये एकाच कागदावर मायक्रोसेकंद आणि पंचवीस वर्षं शेजारी शेजारी येतात, म्हणून जरा लांबेल पण नीट सांगतो.

आधी निकाल. गाईड आणि मोबाईल यांच्यात खरं भांडण नाहीच, मुलीचं मात्र चुकलंय, आणि चूक एकच आहे, तिने १०^९ ने गुणायच्या जागी भागलंय. पाचशेची नोट मोडली की हातात नग जास्त येतात ना, तसंच मोठ्या एककातून छोट्यात गेलं की आकडा फुगलाच पाहिजे. हे विसरलं तरी उत्तर उलटं तपासायची सवय ठेवायची. तिचं उत्तर ४३.५ कोटी नॅनोसेकंद, म्हणजे अर्धा सेकंदसुद्धा होत नाही, ०.४३५ सेकंद. विश्वाचं वय अर्ध्या सेकंदाच्या आत आलं म्हटल्यावर पोरगी स्वतःच हसेल आणि पुन्हा ही चूक करणार नाही.

आता पद्धत. वर्षातून थेट नॅनोसेकंदात उडी मारायची नाही, मध्ये सेकंदावर थांबायचं. आणि आकडे वेगळे, घात वेगळे. १३.८ अब्ज म्हणजे १.३८ × १०^१०. एका वर्षाचे सेकंद ३.१५५७६ × १०^७. आकड्यांचा गुणाकार ४.३५४९, घातांची बेरीज १७, झाले सेकंद. नॅनोसाठी घातात ९ मिळवा, २६. उत्तर ४.३५ × १०^२६. बस, शून्य मोजत बसायचंच नाही, शून्य मोजणारा माणूस विसाव्या शून्यापाशी हमखास चुकतो, त्यात आपल्याकडे स्वल्पविरामाचा घोळ वेगळाच. आपण लिहितो ३,१५,५७,६०० आणि कन्व्हर्टर लिहितो ३१,५५७,६००, आकडा तोच, पण पोरं तीन-तीनचे गट समजून मोजतात आणि एक शून्य इकडचं तिकडे होतं.

मग गाईडमध्ये ४.३६ कुठून आलं? बघा, वर्षाचे सेकंद त्यांनी मधेच ३.१६ × १०^७ करून टाकलेत. १.३८ गुणिले ३.१६ म्हणजे ४.३६०८. मधल्या पायरीला आकडा छाटला की शेवटचा अंक असा सरकतो. छाटाछाटी शेवटीच करायची, मधे दोन अंक जास्तच ठेवायचे. यासाठी कुणी मार्क कापले असतील तर जाऊन भांडायला हरकत नाही असं माझं मत.

आणि मोबाईलने ४३५१९६८ का दाखवलं, तर त्याने वर्ष सरळ ३६५ दिवसांचं धरलंय. इथेच खरी गोम आहे. दिवस ८६,४०० सेकंदांचा यावर वाद नाही, पण वर्ष म्हटलं की निदान चार आहेत: साधं ३६५ दिवसांचं, खगोलवाल्यांचं ३६५.२५ चं, आपल्या भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरचं सरासरी ३६५.२४२५ चं, आणि ऋतू ज्याच्यावर फिरतात ते सायन वर्ष साधारण ३६५.२४२२ चं. खगोलशास्त्रात मुद्दाम ३६५.२५ पक्कं ठरवून टाकलंय, प्रकाशवर्षाचं अंतरसुद्धा त्याच वर्षावर काढतात. त्यामुळे विश्व, तारे, दगड यांची गणितं करताना ३६५.२५ घ्या, म्हणजे ३,१५,५७,६०० सेकंद, आणि वहीत पहिल्याच ओळीत ‘वर्ष = ३६५.२५ दिवस’ असं लिहून ठेवा, कुणी विचारायलाच नको.

फरक केवढा पडतो म्हणाल तर १३.८ अब्ज वर्षांवर ३६५ आणि ३६५.२५ मध्ये साधारण ९४ लाख वर्षांचा. ऐकायला भयंकर वाटतं. पण विश्वाचं वय जे मोजलंय ते १३.७९ अब्जच्या आसपास, दोन कोटी वर्षं इकडे किंवा तिकडे. म्हणजे मोजमापाची खात्रीच दोन कोटी वर्षांच्या आत नाही, तिथे ९४ लाखांचं काय घेऊन बसलात. मोबाईलच्या ४३५१९६८ मधले ४३५ कामाचे, पुढचे १९६८ नुसती शोभा. गंमत म्हणजे तीन सिग्निफिकंट फिगर्सपर्यंत, म्हणजे तीन कामाच्या अंकांपर्यंत, लिहिलं तर ३६५ घ्या नाहीतर ३६५.२५ घ्या, उत्तर ४.३५ च येतं. कॅलिब्रेशनच्या धंद्यात नवीन पोरगा आला की त्याला हेच पहिलं शिकवावं लागतं, मशीन आठ अंक दाखवतंय म्हणून आठ अंक लिहू नकोस बाबा, किती अंक खरे ते आधी बघ.

तोंडपाठ ठेवायला थोडेच आकडे पुरतात. एक लाख सेकंद म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. एक कोटी सेकंद म्हणजे ११६ दिवस, चार महिन्यांच्या जरा आत. एक अब्ज सेकंद म्हणजे ३१.७ वर्षं, म्हणजे बत्तिशीतला माणूस अब्जाधीश झालेलाच असतो. आणि वर्षाचे सेकंद आठवत नसतील तर पाय (वर्तुळाचा π) गुणिले एक कोटी, ३.१४ कोटी, चूक अर्ध्या टक्क्याच्याही आत, तोंडी हिशोबाला झकास. अब्जाच्या पुढे मात्र नावं वापरूच नका, मराठीत खर्व म्हणजे १०^१०, हिंदी बातम्यांतला खरब म्हणजे १०^११, भाषांतर करणारे दोन्ही एकच समजतात, घात लिहिला की भांडण मिटतं.

छोट्या बाजूला मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो, ॲटो, प्रत्येक पायरीला हजाराने कमी. नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटीमीटर जातो, शाळेतल्या फूटपट्टीएवढा, हे एक चित्र डोक्यात राहिलं तरी पुष्कळ. फेम्टो म्हणजे १०^-१५, आणि हिरव्या प्रकाशाची एक लहर साधारण दोन फेम्टोसेकंदांत पुरी होते. आता आपली नाशिकची पांडवलेणी बघा, दोन हजार वर्षांपूर्वीची कोरीव कामं आहेत तिथे, म्हणजे ६.३ × १०^१० सेकंद झाले. पण ज्या काळ्या दगडात ती कोरली तो दख्खनचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे २.१ × १०^१५ सेकंद. हातातला सेकंद त्या दगडाच्या वयापुढे जेवढा, तेवढाच अर्धा फेम्टोसेकंद एका सेकंदापुढे. ॲटोसेकंद आणखी हजारपट लहान, २०२३ चं फिजिक्सचं नोबेल ॲटोसेकंदाच्या प्रकाशझोतांवरच मिळालं, अगोस्तिनी, क्राऊस आणि लुईलिए यांना. एका सेकंदात जितके ॲटोसेकंद बसतात तितके सेकंद विश्वाला अजून झालेलेच नाहीत, निम्म्यापेक्षाही कमी झालेत. मुलीला हे काढून बघायला सांगा, १०^१८ ला ४.३५ × १०^१७ ने भागायचंय फक्त.

नाशिकच्या माणसाने एककाबद्दल सावध राहायला दुसरं कारण म्हणजे सिंहस्थ. आपण सर्रास म्हणतो दर बारा वर्षांनी. पण तो गुरू सिंह राशीत आला की भरतो, आणि गुरूची फेरी पुरी बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची. एका फेरीत पन्नासेक दिवसांचा फरक. २००३, २०१५, २०२७ असं बारा-बाराने चाललंय तोवर कळत नाही, पण सात फेऱ्यांना ८३ च वर्षं होतात, ८४ नाहीत, त्यामुळे कधीतरी एक अंतर अकराचं येतंच. ‘बारा वर्षं’ गुणिले सेकंद असा हिशोब करत शेकडो वर्षं मागे गेलात तर राशीच चुकेल.

आता आजोबांचा प्रश्न, मला तो जास्त आवडला. इथे पहिली अडचण आकड्याची नाहीये, ग्रंथाची आहे. विष्णुपुराणात १५ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांचा मुहूर्त, ३० मुहूर्तांचा दिवस. तर निमेष येतो ०.२१३ सेकंदाचा. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत १८ निमेषांची काष्ठा, ३० काष्ठांची कला, ३० कलांची घटिका, दोन घटिकांचा मुहूर्त. तिथे निमेष ०.०८९ सेकंदाचा. नाव तेच, किंमत अडीच पटीच्या आसपास वेगळी. व्हॉट्सॲपवर एका पुराणातला निमेष आणि दुसऱ्या ग्रंथातली त्रुटी जोडून देतात आणि मग कुणाचं कुणाशी जुळत नाही. कुठलाही एक ग्रंथ धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

भास्कराचार्य धरूया, आपल्या शेजारचेच आहेत म्हणा, चाळीसगावजवळ पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे. ते निमेषाचे ३० तत्पर करतात आणि तत्पराच्या १०० त्रुटी. दिवसाच्या घटिका ६०, म्हणजे निमेष झाले ६० × ३० × ३० × १८, नऊ लाख बहात्तर हजार. त्याला ३,००० ने गुणलं की दिवसाच्या त्रुटी २९१ कोटी ६० लाख. सेकंदाला बरोब्बर ३३,७५०, म्हणजे एक त्रुटी साधारण ३० मायक्रोसेकंदांची. फक्त एक बारकावा, त्यांची ती घटिका नाक्षत्र आहे, म्हणजे ताऱ्यांच्या फेरीवरून मोजलेली, आणि नाक्षत्र दिवस आपल्या दिवसापेक्षा जवळजवळ चार मिनिटांनी लहान, ८६,१६४ सेकंदांचा. बहुतेक लोक हे सोडून देतात. पुढे त्याचा परिणाम दिसतो.

ब्रह्मदेवाचा दिवस म्हणजे कल्प, ४.३२ अब्ज वर्षं. रात्र धरली तर दुप्पट, तुमच्या ग्रुपवरचे दोन आकडे बरोबर दुप्पट-निमपट असतील तर भांडण रात्रीवरनं आहे. या परंपरेत कल्पातले सावन दिवस, म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय असे आपले नेहमीचे दिवस, दिलेलेच आहेत, १५,७७,९१,६४,५०,०००. असे गट पाडून गोंधळ होतो म्हणून १.५७७९१६४५ × १०^१२ म्हणू. नाक्षत्र दिवस काढायला त्यात वर्षांचा आकडा मिळवायचा, कारण पृथ्वी वर्षाला ताऱ्यांच्या हिशोबाने एक फेरी जास्त मारते. १.५७७९१६४५ × १०^१२ अधिक ४.३२ × १०^९ बरोबर १.५८२२३६४५ × १०^१२. गुणिले २.९१६ × १०^९. उत्तर ४.६१३८०१४८८२ × १०^२१ त्रुटी. सावन दिवस धरून केलं तर ४.६०१२०४३६८२ × १०^२१. आणि इथे मात्र सगळे अंक लिहायला परवानगी आहे, कारण दोन्ही आकडे ग्रंथाने ठरवून दिलेत, कुणी यंत्राने मोजलेले नाहीत. विश्वाच्या वयाला तीन अंक आणि कल्पाला अकरा, हा फरक आजोबांना सांगा, त्यांना पटेल.

हे असे आकडे नुसते गमतीचे वाटतात, म्हणून एक खरंखुरं उदाहरण देतो जिथे लांब आणि छोटा वेळ एकाच दगडात असतो. युरेनियम-२३८ ची हाफ-लाईफ, म्हणजे निम्मे अणू तुटायला लागणारा वेळ, ४.४७ अब्ज वर्षं. ते तुटत तुटत शिशापर्यंत जातं आणि त्या साखळीत पोलोनियम-२१४ लागतो, त्याची हाफ-लाईफ १६४ मायक्रोसेकंद. जुन्या, न हललेल्या खनिजात समतोल झालेला असतो, जितके अणू वरून येतात तितकेच खाली जातात, आणि तेव्हा अणूंच्या संख्येचं प्रमाण हाफ-लाईफच्या प्रमाणाएवढंच निघतं. आता दोन्ही सेकंदात आणल्याशिवाय गत्यंतर नाही. युरेनियम १.४१ × १०^१७ सेकंद, पोलोनियम १.६४ × १०^-४ सेकंद. भागाकार ८.६ × १०^२०. म्हणजे युरेनियमच्या एवढ्या अणूंमागे पोलोनियम-२१४ चा एक अणू. एवढ्या युरेनियमचं वजन किती, तर २३८ ने गुणून ६.०२ × १०^२३ ने भागा, ०.३४ ग्रॅम. चिमूटभर! त्या चिमटीत कुठल्याही क्षणी सरासरी एकच अणू त्या जातीचा हजर असतो, तो गेला की दुसरा येतो. अकरावीच्या मुलीला हे गणित जमलं तर पोर्शनमधल्या युनिट्सच्या धड्यातलं काही अडणार नाही. घातातलं वजाचं चिन्ह इथे चुकतं बरं का, १७ मधून उणे ४ वजा करायचे म्हणजे २१ होतात, १३ नाही. मग १.४१ ला १.६४ ने भागून ०.८६ येतात, म्हणून शेवटी ८.६ आणि घात २०.

आमच्याकडचं सांगायचं तर ट्रान्सफॉर्मरला विजेचा झटका सोसतो का ते बघायची इम्पल्स टेस्ट असते, तिची लाट १.२ मायक्रोसेकंदांत चढते आणि ५० मायक्रोसेकंदांत अर्ध्यावर उतरते, आणि त्याच ट्रान्सफॉर्मरकडून पंचवीस वर्षं चालायची अपेक्षा असते, म्हणजे ७.९ × १०^८ सेकंद. घड्याळाच्या क्रिस्टलचं, म्हणजे ठोके देऊन वेळ मोजणाऱ्या तुकड्याचं, तर रोजचंच. डेटाशीटवर लिहितात २० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत वीस. यातून माणसाला काही कळत नाही. वर्षाच्या सेकंदांनी गुणा, एक पीपीएम म्हणजे वर्षाला साडेएकतीस सेकंद, वीस पीपीएम म्हणजे साडेदहा मिनिटं. एनर्जी मीटर वर्षाला दहा मिनिटं पुढे-मागे झाला तर टाइम-ऑफ-डे बिलिंगची, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावण्याची, वाट लागते, त्यामुळे हा एक आकडा पाठ असलाच पाहिजे.

आणि कॉम्प्युटर. मुलगी पुढे प्रोग्रॅमिंग करेल तर हे कामाला येईल. छोट्या कंट्रोलरमध्ये मिलिसेकंद मोजायला ३२ बिटांचा काउंटर असतो, तो ४,२९,४९,६७,२९६ ला भरतो आणि शून्यावर येतो. एवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस १७ तास २ मिनिटं. इथल्याच एका कारखान्यात एक पॅनल मधूनच अडकायचं, सगळ्यांचा संशय व्होल्टेजवर, पावसावर. लॉगबुक मागवलं तर ३ जून दुपारी २:२०, मग २३ जुलै सकाळी ७:२२, मग ११ सप्टेंबर रात्री १२:२५. वजाबाकी करून बघा, दोन्ही अंतरं मिनिटभराच्या फरकाने सारखीच. प्रोग्रॅमरने ‘आत्ताची वेळ मोठी आहे का’ असं तपासलं होतं, ‘किती वेळ गेला’ असं वजाबाकीने तपासलं असतं तर काउंटर गुंडाळला तरी बिघडलं नसतं. तोच काउंटर मायक्रोसेकंदात लावला तर एकाहत्तर मिनिटांतच भरतो, आणि सेकंदात लावला, चिन्हासकट (म्हणजे एक बिट अधिक-उण्यासाठी), १९७० पासून, तर १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडच्या सकाळी ८:४४ ला. तसेच चिन्हासकट ६४ बिट घेतले आणि नॅनोसेकंद मोजले तर २९२ वर्षं पुरतात, म्हणजे साल २२६२ पर्यंत. एकक जितकं बारीक तितकी पल्ल्याची दोरी आखूड, बिट तेवढेच राहतात ना.

एक्सेलचं पण सांगून ठेवतो, कारण मुली-मुलांचे प्रोजेक्ट त्यातच होतात. एक्सेल १५ अंकांपुढे शून्य भरतं, तुम्हाला न विचारता. तारीख आणि वेळ एकाच सेलमध्ये ठेवली तर ती दिवसांत साठते, आजकालच्या तारखेला पाच अंक पूर्णांकातच जातात, उरले दहा दशांश, म्हणजे दहाएक मायक्रोसेकंदांच्या खालचं काही तिथे विश्वासाचं नाही. त्रुटीचं गणितही एक्सेलमध्ये घालू नका, आत्ताचं ४.६१ चं उत्तर अकरा अंकांत संपतंय म्हणून निभावेल, पण गणित जरा बदललं, सोळावा अंक आला, की घसरेल. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतो. आजोबांसाठी १५८२२३६४५०००० आणि २९१६०००००० हे दोन आकडे साधे पूर्णांक म्हणून टाका, मध्ये गुणाकाराचं चिन्ह द्या, पण दशांश चिन्ह किंवा ई-बिई काही घालू नका, पूर्ण बावीस अंकी उत्तर येईल.